पंप कुणाच्या पाठीवर?

मामांच्या ओसरीतल्या खुंटीला प्लास्टिकची एक पिशवी लटकत होती. आत मास्क, चष्मा, हातमोजे, टोपी आणि पांढरा अंगरखा. फवारणीचं सुरक्षा किट. दोनदा-तीनदा वापरून घडी घालून ठेवलेलं, वर धुळीचा थर. गोठ्याच्या भिंतीला टेकवलेला बॅटरीचा पंप मात्र रोजच्या वापराने पिवळट पडलेला. त्याच्या पट्ट्याला कुणीतरी जुन्या धोतराचा तुकडा गुंडाळला होता, खांद्याला काचू नये म्हणून.

ताईने पिशवी खाली काढली आणि तिथूनच बोलणं सुरू झालं.

मामा कृषी विभागातून मंडळ कृषी अधिकारी म्हणून निवृत्त झाले. ताई त्यांची थोरली मुलगी, सरकारी दवाखान्यात परिचारिका. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्या दिवसांत बाप गावोगाव सभा घेत होता आणि लेक वॉर्डात सलाइन लावत होती. दोघंही सरकारची माणसं. पण घरात त्या महिन्यांबद्दल कधी बोलणं झालं नव्हतं. मला वाटतं, दोघं एकमेकांना जपत होते. यंदा भाद्रपदात मी गेलो, बाहेर कपाशीवर फवारणीचा उग्र वास पसरलेला होता, आणि ते जपणं संपलं.

ताई : बाबा, गावोगाव हे किट वापरा म्हणून सांगत फिरलात ना तुम्ही? मग आपल्याच घरी ते खुंटीला काहून?

मामा : दिलं होतं गड्याला. दोन-तीन दिवस घातलं. मग म्हणे, साहेब, यात जीव घुसमटते. आता मी त्याला बांधून घालू का? हेच तर माझं दुखणं आहे. सभा घेतल्या, पत्रकं वाटली, भिंती रंगवल्या. वाऱ्याच्या दिशेने फवारा, उपाशीपोटी फवारू नका, नोझल तोंडाने फुंकू नका. माझा घसा बसला त्या वर्षी. सरकारचा हात शेवटी वावराच्या धुऱ्यापर्यंत पोचतो. आत माणसाने स्वतःला सांभाळायचं असतं.

ताई : आणि वॉर्डात आलेल्या माणसाला मी काय विचारायचे माहीत आहे? कोणतं औषध मारलं? दहांतले सात-आठ म्हणायचे, माहीत नाही, मालकाने बादलीत कालवून दिलं ते मारलं. त्याला बाटलीच दिसली नाही, बाबा. तुमचं पत्रक बाटली विकत घेणाऱ्यासाठी होतं.

मामा गप्प झाले. मग त्यांनी त्या वर्षाची हकिगत माझ्याकडे वळून सांगितली, जणू लेकीशी थेट बोलणं जड जात होतं.

त्या साली पावसात मोठे खंड पडले. पऱ्हाटी मात्र माजली, काही वावरांत डोक्याच्या वर गेली. ओळी दाट लावलेल्या. माणूस पंप घेऊन आत शिरला की वरून, समोरून, दोन्ही बाजूंनी ओल्या पानांतून चालायचा. गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीला दाद देणं सोडलं होतं, म्हणून जो तो दोन-तीन औषधं एकत्र कालवत होता. त्यात वाढीचं टॉनिकही. हातपंप जाऊन बॅटरीचे आणि पेट्रोलचे पंप आले होते. त्यांचा फवारा बारीक, धुक्यासारखा. तो पानावर बसतो तसा श्वासातही जातो. वर उकाडा. घामाने भिजलेली कातडी विष लवकर शोषते. आणि मजुरी पंपाप्रमाणे. जितके पंप रिकामे करशील तितके पैसे. म्हणून सकाळी लागलेला माणूस दुपारच्या उन्हातही थांबत नव्हता.

मामा : ही सगळी कारणं आम्ही वर कळवली. सरकार झोपलं होतं असं कुणी म्हणू नये. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं. पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम या जिल्ह्यांत बंदी घातली.

ताई : किती दिवसांची?

मामा : ६०. राज्याच्या हाती तेवढंच आहे, पोरी. १९६८ चा कीटकनाशक कायदा वाच. राज्य तात्पुरती मनाई करू शकतं. कायमची बंदी दिल्लीची.

ताई : आणि ती बंदी आली नोव्हेंबरात. तेव्हा गावात वेचणी चालू होती. फवारणी संपली होती आणि आमच्या वॉर्डातल्या खाटा रिकाम्या झाल्या होत्या. त्या पाचांत मोनोक्रोटोफॉस होतं. तपास पथकानेही त्याच्यावर बंदी सुचवली होती. केंद्राने त्याच्या ३६ टक्क्यांच्या द्रावणाला थांबवायचा आदेश काढला २०२३ मध्ये. मधे सहा पावसाळे गेले.

मामांची बाजू इथे कच्ची होती असं मी म्हणणार नाही. त्यांनी जे पुढे मांडलं ते शहरातल्या चर्चेत फारसं ऐकू येत नाही. ते म्हणाले, बंदी घालणाऱ्याला बोंडअळी दिसत नाही. एका हंगामाची कपाशी हातची गेली तर त्या घरावर सावकाराचा माणूस उभा राहतो, आणि या जिल्ह्याला त्याचा शेवट काय होतो हे सांगायची गरज नाही. स्वस्त औषध बंद केलं की शेतकरी महागडं घेत नाही. तो बिनबिलाचं, बिनलेबलाचं, चोरवाटेने आलेलं घेतो. मग कोणतं विष अंगात गेलं ते दवाखान्यालाही कळत नाही. त्यापेक्षा बाटली डोळ्यांसमोर असू दे आणि माणूस शिकू दे.

ताई : माणूस काय शिकेल? बाटलीवरचा त्रिकोण लाल आहे की पिवळा, एवढं तरी शिकला असं धरू. मग अंगरखा घालायचा. सप्टेंबरातल्या उकाड्यात, पाठीवर वीस लिटरचं ओझं घेऊन, रबरी हातमोजे, तोंडावर मास्क. तुम्ही स्वतः घालून तासभर चाला, मी धुऱ्यावर उभी राहते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची कीटकनाशकांबद्दलची आचारसंहिता आहे. तिच्यात लिहिलंय की जे औषध हाताळायला त्रासदायक, महागडी किंवा सहज न मिळणारी संरक्षक साधनं लागतात, ते टाळावं. आणि उष्ण प्रदेशातले छोटे शेतकरी-मजूर यांच्या बाबतीत तर विशेषकरून. म्हणजे ज्या औषधाला हे किट लागतं, ते आपल्या हवेत विकायलाच नको. किट वाटणं हीच त्याची कबुली आहे.

मामा : ते कागदावर ठीक आहे.

ताई : कागदावरचंच बोलू. आपल्या १९७१ च्या नियमांत काय आहे? फवारणाऱ्यालाही संरक्षक कपडे हवेत. विषाशी काम करणाऱ्यांची कामाआधी आणि नंतर ठरावीक काळाने डॉक्टरकडून तपासणी हवी, रक्तातलं कोलिनएस्टरेज मोजायला हवं. तुमच्या सगळ्या नोकरीत एका तरी शेतमजुराचं कोलिनएस्टरेज हंगामाआधी मोजलेलं पाहिलंत?

मामांनी मान हलवली. नाही.

वाचकांसाठी दोन शब्द. कोलिनएस्टरेज हे आपल्या रक्तातलं आणि मज्जातंतूंच्या टोकाशी असलेलं विकर. ऑर्गनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं त्यालाच निकामी करतात. किडीला मारतात ती अशीच, आणि माणसालाही. तोंडाला फेस, अंगभर घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, मग श्वास अडकतो. ॲट्रोपिनने त्यातले अनेक वाचतात. पण चार विषं एकत्र कालवलेली असली, त्यातलं एखादं वेगळ्याच तऱ्हेने काम करणारं असलं, की एका उताऱ्याने भागत नाही. रोज थोडंथोडं विष अंगात जाणाऱ्या मजुराचं कोलिनएस्टरेज तो कोसळण्याच्या आधीच उतरू लागतं. म्हणजे रक्ताची चाचणी वेळेवर झाली तर त्याला चार दिवस घरी बसवता येतं. ५० वर्षांहून जुन्या नियमात ही वाट लिहून ठेवलेली आहे.

या कायद्याच्या जन्माची कथाही ताईने त्या दुपारी सांगितली, आणि मला ती फार बोलकी वाटते. १९५८ मध्ये केरळात बोटीतून आलेल्या गव्हाच्या पिठात पॅराथिऑन हे कीटकनाशक सांडून मिसळलं आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. त्या हाहाकारातून चौकशी झाली आणि पुढे १९६८ चा कायदा आला. म्हणजे कायद्याला जाग आली ती खाणाऱ्यांच्या मृत्यूने. फवारणारा त्या कायद्यात नंतर, नियमांच्या एका प्रकरणात आला, आणि अजून तिथेच आहे.

चहा आला. मामीने विषय बदलायचा प्रयत्न केला. गेल्या रब्बीत शेजारच्या म्हाताऱ्याला ओलितावर साप चावला त्याचं तिने सांगितलं. विषय बदलला नाही, उलट पहिल्यांदाच दोघं एका बाजूला आली.

मामा : रात्रीची लाईन. विदर्भ-मराठवाड्यात अजून कितीतरी गावांत हरभऱ्याला पाणी रात्री अकराला, कारण पंपाला वीज तेव्हाच. अंधारात चिखलात पाय. साप तिथे येणारच.

ताई : देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात असा अंदाज निघाला, त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतातली. २०२४ मध्ये केंद्राने कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे म्हणून. प्रतिविष दवाखान्यात असेल, डॉक्टर ते द्यायला घाबरणार नाही, हे झालं तर होईलही. पण मला विचाराल तर सर्पदंशावरचं सगळ्यात मोठं काम आरोग्य खात्याने केलंच नाही. ते ऊर्जा खात्याने हाती घेतलं.

तिचा रोख मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेकडे होता. २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. शेतीच्या फीडरला सौरऊर्जेवर दिवसा वीज द्यायची. योजनेच्या कागदात भाषा मेगावॉटची आणि अनुदानाच्या बचतीची आहे. पण ज्या गावात दिवसा वीज आली तिथला शेतकरी साप, विंचू, काठ नसलेली विहीर आणि जुन्नरकडे बिबट्या, या सगळ्यांपासून एका फटक्यात दूर झाला.

ताई : बघा बाबा, इथं सरकारने सभा घेतली नाही की रात्री जपून चाला, बूट घाला, बॅटरी ठेवा. धोक्याची वेळच बदलली. हाच माझा मुद्दा आहे. मळणीयंत्राचं काय झालं होतं?

मामांचा चेहरा उजळला. हा त्यांचा प्रांत. सत्तर-ऐंशीच्या दशकात गहू-सोयाबीनची मळणीयंत्रं आली आणि पेंढी आत ढकलताना हात कोपरापासून जाऊ लागले. १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला. यंत्र बनवणाऱ्याला परवाना, घास घालायची पन्हळ ठरावीक लांबीची आणि वरून झाकलेली, म्हणजे हात फिरत्या दात्यांपर्यंत पोचूच नये. मामा म्हणाले, गावठी कारखान्यात बनलेली यंत्रं अजून कायदा मोडतात, तपासणारा येत नाही. पण चांगल्या यंत्राच्या पन्हळीने जेवढे हात वाचवले तेवढे माझ्या भाषणांनी वाचवले नाहीत. हे कबूल.

मला इथे थांबावंसं वाटलं, कारण एवढ्या एका वाक्यासाठी त्या माणसाला काय मोजावं लागलं ते मी पाहत होतो. पस्तीस वर्षांची भाषणं होती ती.

पण लगेच ते सावरले. म्हणाले, मग आता ड्रोन आला आहे. बचत गटाच्या बायांना ड्रोन देऊन राहिले, नमो ड्रोन दीदी. माणूस धुऱ्यावर, विष वावरात. यापेक्षा काय हवं? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ ॲप काढलं, वीज पडायच्या आधी मोबाइलवर इशारा. हे सगळं सरकारच करतं ना?

ताई : करतं. आणि चांगलं करतं. ड्रोनबद्दल एवढंच, की ज्याची पंपाची मजुरी गेली त्याला त्या दिवसाचं काय काम, हे ठरवून द्या. नाहीतर तो आणखी खोल वावरात, जिथे ड्रोन परवडत नाही तिथे, त्याच पंपाखाली जाईल. दामिनी ज्याच्या मोबाइलवर वाजते तो घरी असतो आणि झाडाखाली निंदणाऱ्या बाया असतात. मी परत परत तिथंच येते, बाबा. सरकारच्या डोळ्यांसमोर शेतकरी आहे. शेतात काम करणारं शरीर नाही.

मामा : दोन्ही एकच.

ताई : नाहीत.

आणि तिने ती गोष्ट सांगितली. त्या हंगामात एक तिशीचा माणूस तिच्या वॉर्डात गेला. दुसऱ्याच्या कपाशीत पंपाप्रमाणे फवारत होता. त्याची बायको त्याच वावरात पाण्याच्या गुंड्या वाहत होती, अनवाणी, आणि संध्याकाळी त्याचे कपडे नाल्यावर हाताने धूत होती. तो गेल्यावर पंधरा दिवसांनी ती दवाखान्यात कागद मागायला आली. कुणीतरी सांगितलं होतं की अपघात विम्याचे दोन लाख मिळतात. तिला म्हणाले, सातबारा आणा. ती म्हणाली, वावर आमचं नाही. मग तुमचं यात बसत नाही, असं उत्तर मिळालं. ताई म्हणाली, तिने वाद घातला नाही, डोक्यावरचा पदर नीट केला आणि विचारलं, मग मेला तो कुणाच्या हिशोबात मेला?

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची ही शेतकरी अपघात योजना आधी विमा कंपनीमार्फत चालायची. २०२३ पासून सरकार स्वतः सानुग्रह अनुदान देतं. मृत्यूला दोन लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर एक लाख. वीज, सर्पदंश, विजेचा धक्का, बुडणं, जनावराचा हल्ला, फवारणीची विषबाधा, सगळं आत आहे. कंपन्यांच्या त्रुटी काढण्यातून सुटका झाली हे मोठं काम आहे, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण लाभार्थी कोण? सातबारावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या घरातला आणखी एक जण. बटाईवाला नाही, सालदार नाही, रोजाने जाणारी बाई नाही. आणि १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात शेतीकाम आलं ते ट्रॅक्टर, यंत्रशक्तीवर चालणारी साधनं, फवारणी अशा मोजक्या कामांपुरतं. विळ्याने, खुरप्याने काम करणारा सहसा त्यातही बसत नव्हता. कारखान्यात एखाद्याचं बोट गेलं तर कारखाना निरीक्षक येतो. वावरात माणूस गेला तर तलाठी येतो, आणि तो जमिनीचा कागद बघतो.

मामा : सातबारा हा एकच पक्का कागद आहे, म्हणून मागतात. मजुराचं काय प्रमाण? कोण कुणाच्या वावरात होता, कोण सांगेल? उद्या घरी मेलेलाही वावरात मेला असं लिहून देतील. आम्ही पैसा वाटतो तेव्हा पाच वर्षांनी त्याचा हिशोब तपासणारा येतो, तेव्हा मला सही दाखवावी लागते.

ताई : बाबा, हे राज्य रोजगार हमीचं आहे. १९७७ चा कायदा. बंडिंगवर, पाझर तलावावर, रस्त्यावर कोण कोण आलं, किती दिवस आलं, याचे हजेरीपट तुमच्याच खात्याने भरले. लाखो मजुरांची नावं, अंगठे. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बाईचं नाव लिहिता येत होतं. आता तर जॉब कार्ड आहे, २०२१ पासून ई-श्रमची नोंद आहे, त्यात धंदा लिहितात, शेतमजूर म्हणून. कागद नाही असं नाही. कुठला कागद धरायचा हे ठरवलेलं आहे, आणि ते जमिनीवरून ठरवलेलं आहे.

बराच वेळ कुणी बोललं नाही. गोठ्यात गाय घंटा हलवत होती. मामा उठले, आत गेले आणि एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही घेऊन आले. निवृत्तीनंतर सात एकराचा हिशोब ते स्वतः ठेवतात, खात्यातल्या सवयीने, तारीखवार. त्यांनी ती लेकीसमोर उघडली. मला वाटलं, काही आकडा दाखवायचा आहे. पण त्यांनी फक्त पान पुढे सरकवलं.

तारीख. औषधाचं नाव. किती मिली. किती पंप. दर. रक्कम. आणि शेवटच्या रकान्यात, पानभर, एकच शब्द खाली खाली उतरत गेलेला : गडी. गडी. गडी.

ताईने काही म्हटलं नाही. तिने पान परत वळवून त्यांच्याकडे दिलं.

उद्या सकाळी पुन्हा फवारणी ठरलेली होती. मामांनी फोन लावला, स्पीकरवर ठेवला, कारण त्यांना आता कमी ऐकू येतं.

“उद्या पंपाप्रमाणे नाही,” ते म्हणाले, “दिवसाप्रमाणे. सहाला सुरू कर, ऊन चढायच्या आधी बंद.”

“मग तीन दिवस लागतीन, साहेब.”

“लागू दे. आणि बायकोला पाण्याला आणू नको, मोटर लावून देतो धुऱ्यापर्यंत. लाल त्रिकोणाची बाटली आणली होती ती मी परत करून राहिलो. पैसे नाही देणार म्हणे दुकानदार. नाही तर नाही.”

“बरं.”

“अजून एक. तुझं पूर्ण नाव सांग. वडिलांचं, आडनाव, सगळं. वय पण.”

पलीकडे थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला.

“काहून साहेब? काही फॉर्म भरायचा आहे का?”

“नाही,” मामांनी पेनचं टोपण काढलं. “वहीत लिहायचं आहे.”